दप्तर, टंकलेखन यंत्र आणि टॅब्लेट : मराठवाड्यातील लेखनसाधनांच्या स्थित्यंतराचा ऐतिहासिक अभ्यास (विशेष संदर्भ : नांदेड व लातूर)

प्रस्तावना :

महाविद्यालयांच्या खरेदी समित्यांसमोर अलीकडे एक प्रश्न वारंवार येतो. प्राध्यापकांच्या व कार्यालयाच्या दैनंदिन कामासाठी लॅपटॉपच घ्यावा, की त्याहून हलका व बहुधा कमी किमतीचा टॅब्लेट पुरेसा ठरेल? या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः यंत्राची क्षमता, पडद्याचा आकार व किंमत यांच्या तुलनेतून शोधले जाते. तथापि एका लेखनसाधनाने दुसऱ्याची जागा घेण्याचा अनुभव मराठवाड्याला नवा नाही. बोरू आणि मोडी, फारसी व उर्दूचे दप्तर, टंकलेखन यंत्र, संगणक अशी अनेक स्थित्यंतरे या प्रदेशाने पाहिली आहेत. प्रत्येक वेळी हाच प्रश्न वेगळ्या रूपात विचारला गेला आणि त्याचे उत्तर केवळ यंत्राच्या गुणदोषांवरून ठरले नाही, असे दिसून येते.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.
१) मराठवाड्यातील दैनंदिन लेखनसाधनांच्या स्थित्यंतराचा संक्षिप्त आढावा घेणे.
२) जुने साधन कोणत्या परिस्थितीत मागे पडते व कोणत्या कामापुरते टिकून राहते, याची कारणे शोधणे.
३) त्या आधारे टॅब्लेट व लॅपटॉप यांच्या निवडीचे निकष सुचविणे.

मोडी व बाळबोध : कामाची विभागणी

मोडी लिपीचे श्रेय परंपरेने देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत याला दिले जाते. या परंपरेची ऐतिहासिकता बाजूला ठेवली, तरी लिपीची रचना तिचे प्रयोजन सांगते. कागदावर आधी शिरोरेषा आखून घ्यावी, मग बोरू शक्यतो न उचलता अक्षरे ओढत जावीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळू नये, शब्दांत अंतर सोडण्याचे बंधन नसावे, ही सारी वैशिष्ट्ये वेगासाठी आहेत. रोजचा हिशेब, पत्रव्यवहार, महसुलाची नोंद या कामांना वेग हवा होता. याउलट पोथी पुनःपुन्हा व अनेकांनी वाचावयाची असल्याने ती बाळबोधीत लिहिली जाई. म्हणजेच एकाच समाजात, पुष्कळदा एकाच घरात, दोन लिप्या शतकानुशतके शेजारी नांदल्या. त्यांच्यात स्पर्धा नव्हती, कारण दोघींची कामे निराळी होती.

ही विभागणी मुद्रणाने मोडली. श्रीरामपूर येथे विल्यम केरी यांनी १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण देवनागरी ठशांत व १८१० मध्ये मराठीचा कोश मोडी ठशांत छापला. यावरून मोडी छापणे अशक्य नव्हते हे स्पष्ट होते. परंतु न थांबता लिहिता येणे हा मोडीचा मुख्य गुण छापखान्यात निरुपयोगी होता, कारण तेथे प्रत्येक अक्षर सुटेच जुळवावे लागे. मुद्रित मराठी बाळबोधीत स्थिरावली. पुढे १९१७ मध्ये मुंबई इलाख्याच्या सरकारने कारभारासाठी मोडीऐवजी बाळबोध स्वीकारण्याचा निर्णय घेतला. तरीही हाताने लिहिण्याचे काम शिल्लक असेपर्यंत, म्हणजे साधारणतः विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत, मोडी वापरात राहिली.

निजामी राजवटीतील दप्तर

नांदेड व आजचा लातूर जिल्हा ज्या प्रदेशात मोडतात तो मराठवाडा मुंबई इलाख्याचा भाग नव्हता, ही बाब येथे महत्त्वाची आहे. हैदराबाद संस्थानात कारभाराची भाषा प्रारंभी फारसी होती आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या चरणात तिची जागा उर्दूने घेतली. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणाचे माध्यमही उर्दू होते. गावातील व्यवहार मराठीत, सावकाराची व गावकीची कागदपत्रे बऱ्याच अंशी मोडीत आणि वरिष्ठ कार्यालयांचे दप्तर उर्दूत, अशी स्थिती या भागात दीर्घकाळ होती. कालगणनादेखील फसली होती. हैदराबाद जमीन महसूल कायदा १३१७ फसलीचा म्हणूनच ओळखला जातो.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले, १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्याचा घटक बनला. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ ने राज्यकारभाराची भाषा म्हणून मराठीला वैधानिक स्थान दिले. नवे कागद देवनागरी मराठीत तयार होऊ लागले. परंतु जुने कागद कालबाह्य झाले नाहीत. आजही मराठवाड्यातील जमिनीच्या वादात १९५४-५५ च्या खासरा पाहणी पत्रकाचा उतारा मागितला जातो. २०२३ मध्ये मराठवाड्यातील कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे (निवृत्त) यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली, तेव्हा निजामकालीन उर्दू व मोडी कागद वाचू शकणाऱ्या जाणकारांची गरज प्रकर्षाने जाणवली. कागद होते, ते वाचणारे मोजके उरले होते.

या अनुभवातून पहिला निष्कर्ष हाती येतो. लेखनसाधन बदलते तेव्हा नवे काम सोपे होते, पण जुने काम वाचण्याचा भार पुढच्या पिढीवर पडतो. म्हणून साधनाची निवड करताना आजची सोय जितकी विचारात घ्यावी, तितकाच कागद पन्नास वर्षांनी कोण व कसा वाचेल याचाही विचार आवश्यक ठरतो.

टंकलेखन यंत्राचे युग

शोल्स यांचे टंकलेखन यंत्र रेमिंग्टन कंपनीने १८७४ मध्ये अमेरिकेत बाजारात आणले. भारतात गोदरेज कंपनीने १९५५ मध्ये स्वदेशी टंकलेखन यंत्र तयार केले. इंग्रजीच्या सव्वीस अक्षरांसाठी घडलेल्या कळफलकावर देवनागरी बसविणे हे सोपे काम नव्हते. मर्यादित कळांत व्यंजने, त्यांची अर्धी रूपे, मात्रा, रफार व जोडाक्षरे सामावून घ्यावी लागली. त्यासाठी अनेक अक्षरांचे अर्धे रूप उमटवून त्याला काना जोडण्याची युक्ती योजली गेली. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात नंतर येत असली, तरी यंत्रावर ती आधी उमटवावी लागे. टंकलेखकाची बोटे या दृश्य क्रमाला सरावली.

असे अवघड यंत्र कार्यालयात रुजले, त्याला तीन कारणे होती. एक, कार्बन कागदाच्या साहाय्याने एकाच वेळी अनेक प्रती निघत. दोन, स्टेन्सिल कापून सायक्लोस्टाइल यंत्रावर प्रश्नपत्रिका व परिपत्रके काढता येत. तीन, वीज लागत नसे. भारनियमनाने त्रस्त असलेल्या भागात हा गुण लहान नव्हता. याखेरीज चौथे व निर्णायक कारण शासनाने पुरविले. लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी टंकलेखनाचा वेग मिनिटाला ३० शब्द व इंग्रजीचा ४० शब्द असण्याची अट घालण्यात आली. त्यामुळे टायपिंग इन्स्टिट्यूट जिल्ह्याच्या ठिकाणापासून तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचल्या. कोरडवाहू शेतीच्या या प्रदेशात टंकलेखनाचे प्रमाणपत्र हा नोकरीचा एक भरवशाचा मार्ग होता.

येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, टंकलेखन यंत्राने हस्तलेखन संपविले नाही. पटवाऱ्याचे, नंतर तलाठ्याचे दप्तर हातानेच लिहिले जात राहिले. प्राध्यापकांची टिपणे, हजेरीपट, गुणपत्रके हाताचीच होती. मसुदा हाताने लिहावयाचा व शुद्ध प्रत टंकलिखित करावयाची, अशी विभागणी झाली. मोडी व बाळबोध यांच्यातील जुनी वाटणी नव्या रूपात पुन्हा अवतरली.

संगणक व फॉण्टचा प्रश्न

संगणकावर भारतीय लिप्या आणण्यासाठी आयआयटी कानपूर येथे झालेले काम पुढे पुण्याच्या सी-डॅक संस्थेत (स्थापना १९८८) विस्तारले. भारतीय लिप्यांसाठी इस्की ही प्रमाण संकेतप्रणाली १९९१ मध्ये निश्चित झाली आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तथापि प्रत्यक्ष कार्यालयांत व छापखान्यांत दीर्घकाळ प्रभुत्व राहिले ते निरनिराळ्या खासगी संकेतांवर आधारलेल्या फॉण्टचे. त्यांची कळफलक-मांडणी पुष्कळदा टंकलेखन यंत्रासारखी असल्याने जुन्या टंकलेखकांना ते सोयीचे होते. किंमत मात्र वेगळ्या प्रकारे मोजावी लागली. एका फॉण्टमधील मजकूर दुसऱ्या संगणकावर निरर्थक चिन्हांचा ढीग होऊन उघडे. मोडी वाचणारे उरले नाहीत म्हणून जी अडचण अनेक दशकांनी आली, ती येथे काही वर्षांतच उभी राहिली. आजही अनेक मराठी नियतकालिके लेख विशिष्ट फॉण्टमध्येच मागतात, हा त्या काळाचा अवशेष आहे.

यंत्राच्या स्वीकारात याही वेळी परीक्षेची भूमिका मोठी होती. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना २००१ मध्ये झाली आणि एमएस-सीआयटी अभ्यासक्रम शासकीय सेवेसाठी आवश्यक अर्हता ठरला. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या (स्थापना १९९४) कार्यक्षेत्रातील महाविद्यालयांतही याच काळात कार्यालयीन संगणक रुळला. टंकलेखन यंत्रावरील शासकीय परीक्षा मात्र २०१७ पर्यंत चालू होत्या. यंत्राचे उत्पादन थांबल्यानंतरही ते परीक्षेच्या आधाराने तग धरून होते.

टॅब्लेटचे आगमन

पाटीसारखा हातात धरावयाचा संगणक ही कल्पना जुनी आहे. अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ ॲलन के यांनी १९७२ मध्ये मुलांसाठी अशा वैयक्तिक संगणकाचा आराखडा मांडला होता. भारतात बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी सिम्प्युटरची संकल्पना पुढे आणली. ॲपल कंपनीने २७ जानेवारी २०१० रोजी आयपॅड जाहीर केला, तेव्हा तो दूरध्वनी व लॅपटॉप यांच्या मधले तिसरे साधन म्हणूनच सादर करण्यात आला होता. लॅपटॉपला पर्याय म्हणून टॅब्लेटची मांडणी त्यानंतर झाली आणि ती होताना त्याला कळफलक जोडावा लागला. मायक्रोसॉफ्टचा सरफेस (२०१२) व आयपॅड प्रो (२०१५) ही त्याची ठळक उदाहरणे होत. लॅपटॉपची जागा घेण्यासाठी टॅब्लेटला लॅपटॉपसारखे व्हावे लागले, ही घटना पुरेशी बोलकी आहे.

शिक्षणक्षेत्रातील मोठा भारतीय प्रयोग म्हणजे ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत सादर झालेला ‘आकाश’. सात इंची पडदा, २५६ एमबी स्मृती व सुमारे सव्वादोन हजार रुपये किंमत असलेल्या या टॅब्लेटकडून फार मोठ्या अपेक्षा होत्या. दाबाने चालणारा पडदा, मंद प्रक्रियक व अल्पजीवी बॅटरी यांमुळे त्या पूर्ण झाल्या नाहीत. आयआयटी मुंबईच्या सहभागाने नोव्हेंबर २०१२ मध्ये सुधारित आवृत्ती आली, परंतु महाविद्यालयीन शिक्षणात हे साधन मूळ धरू शकले नाही. केवळ निकृष्ट घटकांमुळे हा प्रयोग अपयशी ठरला, असे म्हणणे अपुरे होईल. हे साधन हाती आल्यावर विद्यार्थ्याने कोणते काम करावयाचे, त्या कामाची परीक्षा कोण घेणार व ते कोण स्वीकारणार, हे निश्चित नव्हते. टंकलेखन यंत्राला लाभलेला संस्थात्मक आधार ‘आकाश’ला लाभला नाही.

तलाठ्याचे दप्तर : एक तुलनात्मक उदाहरण

टॅब्लेट व लॅपटॉप यांच्यातील कामाची विभागणी समजून घेण्यासाठी गावपातळीवरील महसुली दप्तर हे उत्तम उदाहरण आहे. एकेकाळी लाल कापडात बांधलेले गाव नमुने हे तलाठ्याचे सर्वस्व होते. त्यातील गाव नमुना ७ हा अधिकार अभिलेख, १२ ही पिकांची नोंदवही व ६ ही फेरफाराची नोंदवही होय. संगणकीकरणानंतर हे दप्तर लॅपटॉपवर आले आणि १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला. त्यानंतर १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. बांधावर उभे राहून शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवर पिकाची नोंद व छायाचित्र पाठवावे, अशी ही योजना होती.

येथे एकाच उताऱ्याचे दोन भाग दोन निरनिराळ्या साधनांकडे गेले. नमुना १२ ची नोंद हातातल्या साधनावर गेली, कारण ती शेतात करावयाची असते, तिचे रकाने ठरलेले असतात आणि त्यात मजकूर अल्प असतो. नमुना ६ चा फेरफार मात्र दस्त वाचून, हरकती विचारात घेऊन व शब्दांकन करून नोंदवावा लागतो. त्यावर डिजिटल स्वाक्षरी करण्याची किल्ली संगणकाला जोडावी लागते. म्हणून ते काम लॅपटॉपवरच राहिले. यंत्रांची क्षमता कागदावर जवळपास सारखी असूनही विभागणी झाली, ती कामाच्या स्वरूपामुळे.

या दृष्टीने पाहिल्यास दोन साधनांच्या दोन परंपरा दिसतात. टॅब्लेट ही पाटी, पोथी व नोंदवही यांची वारसदार आहे. वाचणे, खूण करणे, रकाना भरणे, दाखविणे ही तिची कामे होत. लॅपटॉप हा टंकलेखन यंत्राचा वारसदार आहे. मजकूर रचणे, तो पुनःपुन्हा बदलणे, अनेक कागद शेजारी ठेवून ताडून पाहणे व शुद्ध प्रत सिद्ध करणे ही त्याची कामे होत.

महाविद्यालयीन कामाचे स्वरूप

प्राध्यापकाचे दैनंदिन काम या दोन्ही परंपरांत विभागलेले असते. संदर्भ वाचणे, प्रबंधावर समासात शेरे लिहिणे, हजेरी नोंदविणे, वर्गात नकाशा किंवा हस्तलिखिताचे छायाचित्र दाखविणे या कामांत टॅब्लेट लॅपटॉपहून सरस ठरतो. मोडीच्या अभ्यासकाला पडद्यावर कागद मोठा करून त्यावर लेखणीने अक्षरे गिरविता येतात. ही सोय लॅपटॉपच्या कळफलकात नाही. अभिलेखागारात कागदाचे छायाचित्र घेऊन लगेच टिपण करणेही त्यावर सुलभ होते. २०१७ पासून मराठीत बोलून मजकूर उतरविण्याची सोय उपलब्ध झाल्याने पहिला कच्चा मसुदाही त्यावर तयार होऊ शकतो.

परंतु नॅकच्या स्वयं-अध्ययन अहवालातील तक्ते, अनेक वर्षांच्या निकालांची तुलना, तळटिपांसह शोधनिबंध, ठराविक फॉण्टमध्ये मागितलेला लेख ही कामे टॅब्लेटवर सुरू होतात. पूर्ण होत नाहीत. बोलून उतरविलेल्या मजकुरातील जोडाक्षरे, अनुस्वार व विरामचिन्हे दुरुस्त करण्यास शेवटी कळफलकच लागतो. कळफलक, लेखणी व आवरण यांसह टॅब्लेट घेतल्यास किमतीतील फरक बराचसा नाहीसा होतो, ही बाब खरेदी समितीने अंदाजपत्रकातच तपासून घ्यावी.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गंभीर आहे. २०२० मधील टाळेबंदीत नांदेड-लातूरच्या ग्रामीण भागातील असंख्य विद्यार्थ्यांचे शिक्षण मोबाईलच्या पडद्यावर झाले. या पिढीला वाचणे, पाहणे व रकाने भरणे अवगत आहे. परंतु लिपिक-टंकलेखक पदाच्या परीक्षेत मिनिटाला ३० मराठी शब्द कळफलकावरच मागितले जातात. घरी लॅपटॉप असलेल्या विद्यार्थ्याला हा सराव सहज मिळतो. ज्याच्या घरी तो नाही, त्याला महाविद्यालयानेही केवळ टॅब्लेट दिला, तर नोंदी भरणारा एक वर्ग व मसुदा रचणारा दुसरा वर्ग अशी फूट वाढण्याचा धोका संभवतो. निजामी काळात दप्तराची लिपी ज्याला येई, त्याच्या हाती गाव असे. त्या स्थितीची पुनरावृत्ती ज्ञानसंस्थांनी होऊ देता कामा नये.

निष्कर्ष :

१) मराठवाड्याच्या इतिहासात नव्या लेखनसाधनाने जुन्याची जागा पूर्णतः क्वचितच घेतली. बहुतेक वेळा कामाची फेरवाटणी झाली. जुने काम संपले तेव्हाच जुने साधन संपले.

२) साधनाचा स्वीकार त्याच्या गुणांइतकाच शासनाचे नियम, परीक्षा व तयार कागद स्वीकारणारी संस्था यांवर अवलंबून राहिला. टंकलेखन यंत्र व ‘आकाश’ यांची तुलना हे स्पष्ट करते.

३) ज्यांचे दैनंदिन काम मुख्यतः वाचन, अध्यापन, तपासणी व क्षेत्रीय नोंदींचे आहे, त्यांना टॅब्लेट पुरेसा आहे. ज्यांना मजकूर रचावा, तक्ते ताडावे व अहवाल सिद्ध करावे लागतात, त्यांच्यासाठी तो लॅपटॉपचा पूरक ठरतो, पर्याय ठरत नाही.

४) खरेदीपूर्वी प्रत्येक विभागाने किमान पंधरा दिवसांच्या कामाची नोंद ठेवून त्यातील वाचनाचे, नोंदीचे व रचनेचे प्रमाण तपासावे. विद्यार्थ्यांसाठीच्या खरेदीत कळफलकाची सोय अनिवार्य मानावी.

५) साधन कोणतेही असो, मजकूर युनिकोडमध्ये व सर्वत्र उघडणाऱ्या स्वरूपात जतन करावा. खासरा पाहणी पत्रक सात दशकांनंतरही उपयोगी पडते, कारण तो कागद उघडण्यास कोणत्याही यंत्राची गरज नाही. आजच्या नोंदींना तेवढे आयुष्य लाभावे, एवढी दक्षता साधन निवडणाऱ्यांनी घेणे अगत्याचे आहे.